ब्रँडीतले पाच रस्ते

अण्णांची पंचाहत्तरी अण्णांशिवाय करायची, हे ठरवायला तेजस्विनीला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो बाकीच्यांना समजवायला. हॉल नको, पूजा नको, आणि शाल-श्रीफळ कुणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न तर मुळीच नको. अण्णांचे दोन मित्र आपल्या गॅलरीत येऊन बसतील, आणि अण्णा शनिवारी संध्याकाळी त्यांना जे करून पाजायचे तेच आपण करून पाजू.

"म्हणजे दारू," शेखर पुण्याहून फोनवर म्हणाला.

"ब्रँडी."

"ताई, बापाच्या पंचाहत्तरीला मुलगी दारू पाजतेय. लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलावलेलंच नाही."

शेखर एका कंपनीत माणसं सांभाळायच्या खात्यात होता, त्यामुळे समोरचा माणूस हट्टाला पेटला की त्याला मुदत द्यायची, हे त्याला नोकरीनंच शिकवलं होतं. "ठीक आहे. शनिवारपर्यंत तुझं जमलं तर जमलं. नाहीतर मी हॉल धरून ठेवलाय. दवाखान्यात फळवाटप, मग नगरसेवक दोन शब्द बोलतील."

"ते अण्णांना ओळखत तरी होते का?"

"ताई, दोनच शब्द आहेत."

त्यानं बॅनरचं चित्रही पाठवलं. चित्रात अण्णांना निळा कोट आणि लाल टाय घातलेला होता. अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. उभं आयुष्य त्यांनी अर्ध्या बाह्यांच्या खाकी शर्टात रस्त्याच्या कडेला काढलं. कुठल्या तरी मुलानं कॉम्प्युटरवर दुसऱ्याच माणसाच्या धडावर त्यांची मान बसवली होती, आणि ती जरा तिरकीही बसली होती. तेजस्विनी कॉलेजात इतिहास शिकवायची, चार पुस्तकं वाचून तोलूनमापून बोलायची सवय होती. त्या टायनं मात्र तिचा तोल गेला.

आता हे रस्त्यांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर अण्णांना एक छंद जडला. ज्यांच्यावर आपण कधी खडी टाकली नाही असे रस्ते चालायचे. जुने घाट, व्यापाऱ्यांच्या वाटा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. बरोबर दोघे जण: खालच्या मजल्यावरचे रावजी आणि सायखेड्याचे सहादूकाका. एक रस्ता चालून झाला, की पुढच्या शनिवारी तो ग्लासात यायचा. ब्रँडी आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षांची, आणि तिच्यात त्या रस्त्यावर मिळणारं काहीतरी. थळ घाट खाली कोकणात उतरतो, म्हणून त्यात कोकम आणि मीठ. सुरतेकडे जाणारा हातगडचा रस्ता, म्हणून तिकडची स्ट्रॉबेरी आणि मिरी. त्र्यंबकच्या पायवाटेला करवंदाचं सरबत. आग्रा रोडला ढाब्याचा काळा चहा, कारण आग्रा रोडवर तेवढंच खात्रीनं मिळतं, असं अण्णांचं मत. आणि पाचवा रस्ता सायखेड्याहून नाशकाला येणाऱ्या गाडीवाटेचा. त्यात काय असायचं, हे तेजस्विनीला नीट आठवत नव्हतं. कॉकटेल हा शब्द अण्णांच्या तोंडी कधी आला नाही. "आज कुठला रस्ता धरायचा?" एवढंच ते विचारायचे.

कृती त्यांनी एकही लिहून ठेवली नव्हती. नोकरीत मोजमाप पुस्तकं भरभरून कंटाळलेला माणूस घरी निव्वळ अंदाजानं ओतायचा.

आणि आई? कुसाबाई त्या गॅलरीत अण्णांच्या शेजारी बसून मटार सोलायच्या, मेथी निवडायच्या. कधी थेंब घेतला नाही, कधी नाकही मुरडलं नाही. अण्णा गेल्यापासून मात्र दिवेलागणीला त्या आतल्या खोलीत जायच्या आणि टीव्हीचा आवाज मोठा करून बसायच्या. वर्ष झालं, अण्णांविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. तेजस्विनीनं शनिवारचा बेत सांगितला तेव्हा, "तुला वाटेल ते कर," म्हणून त्यांनी आवाज आणखी वाढवला. बेत खरा कुणासाठी होता ते तेजस्विनीनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं एक संध्याकाळ बाहेर येऊन बसावं, इतकंच तिला हवं होतं.

पहिली बैठक कृती ठरवण्यासाठी भरली. रावजी नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी. जन्मभर रोज फाटकावर झडती देऊन बाहेर पडल्यामुळे, आपल्या खिशात जे आहे त्याचा कागद आपल्याकडे असलाच पाहिजे, अशी त्यांची पक्की धारणा. सहादूकाकांची द्राक्षबाग. त्यांची धारणा अशी, की रावजी जे म्हणतील ते चूक.

"सोपं आहे," सहादूकाका म्हणाले. "आण्णा रस्ता करायचा तसंच करायचा. खाली दगडाच्या जागी ब्रँडीची सोलिंग. वरून कोकमाचा मुरूम. मंग पाणी मारायचं."

"आणि दाबायचं," रावजी म्हणाले.

"ग्लासात काय दाबता?"

"चमच्यानं. ते चमच्यानं दाबायचे. मी पाहिलंय."

"ते ढवळत होते, रावजी."

"ढवळणं वेगळं, दाबणं वेगळं. मी मशिनवर काम केलंय."

थळ घाट असा अर्ध्या तासात उतरून झाला. सायखेड्याशी मात्र गाडी रुतली. रावजींच्या मते त्यात आलं असायचं. सहादूकाकांच्या मते उसाचा रस. दोघांनी आपापली बाजू मांडली, पण पेयाची नव्हे, रस्त्याची. रावजी म्हणत, जुनी गाडीवाट नदीच्या पलीकडच्या, चांदोरीच्या काठानं यायची, तिकडे आल्याचे मळे होते. सहादूकाका म्हणत, गाड्या अलीकडच्याच काठानं यायच्या, "माझा आजा हाकायचा ना गाडी! का तुमचा आजा हाकायचा?" रावजींचा आजा गाडी हाकत नव्हता, तो तलाठी होता, आणि तलाठ्याच्या दप्तरात वाट चांदोरीकडूनच होती. तेजस्विनीनं या विषयावर वाचलेलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. दोघांनी एकदमच हात वर करून तिला थांबवलं. पुस्तकी माणसानं यात पडू नये, एवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

मग रावजींची नजर कपाटाकडे गेली. कपाटात अण्णांच्या साठवलेल्या ब्रँडीच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

"या कुणाच्या नावावर आहेत?"

"अण्णांच्या," तेजस्विनी म्हणाली.

"अण्णांचा परवाना होता. आजीवन." रावजींनी शेवटच्या शब्दावर डोळे मिटले. "आजीवन म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको."

"मग?"

"मग काय? जमीन वारसाहक्कानं येते, घर येतं. पिणं येत नाही."

तेजस्विनीनं सुचवलं, की दुकानात एका दिवसाचा परवाना मिळतो, तो घेऊ. रावजी दयार्द्र हसले. "घे ना. आणि शनिवारी रात्री बारा वाजले की उरलेल्या बाटल्या कुठे नेणार? माझ्या सोसायटीत?"

यातला कायदा किती आणि रावजी किती, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं सरळ मार्गानं जायचं ठरवलं. सरळ मार्ग हल्ली मोबाइलमधून जातो. तिनं स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज भरायला घेतला. फोटो टाकला, तर चेहरा स्पष्ट नाही. चष्मा काढून टाकला, तर ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळत नाही. पुन्हा चष्मा घातला, तोवर पान आपोआप बंद झालेलं होतं. चार दिवस ती रोज संध्याकाळी भिंतीला टेकून, चष्मा नाकावर अर्धवट ठेवून, स्वतःचे फोटो काढत होती. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी शेवटी विचारलं, "स्थळ आलंय का हो?"

दरम्यान, अण्णा बोरस्त्यांच्या घरी ब्रँडी आहे, ही बातमी सोसायटीत पसरली. जानेवारीचे दिवस. नाशकात थंडी अशी पडली होती, की सकाळी नळाला हात लावायचा म्हणजे माणूस आधी मनाची तयारी करायचा. आणि ब्रँडी ही आपल्याकडे दारू नसतेच. व्हिस्की म्हणजे व्यसन, रम म्हणजे मिलिटरी, पण ब्रँडी म्हणजे औषध. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मास बघून चिरतात, त्या घरातही देवघराच्या खालच्या कप्प्यात ब्रँडीची चपटी बाटली कापराशेजारी ठेवलेली असते.

पहिली आली ती वरच्या मजल्यावरची संजना. हातात स्टीलची वाटी. "मावशी, सासऱ्यांचा कफ हलत नाहीये. दोन चमचे फक्त. मधातून द्यायची." तिच्या मागून एक जण बाळाच्या छातीला चोळण्यासाठी. मग थंडी वाजून आलेल्या कुणाच्या तरी मेव्हण्यासाठी. एका गृहस्थांनी वाटीऐवजी तांब्या आणला, आणि त्यांचं दुखणं बरंच जुनं असल्याचं सांगितलं. दार उघडायला प्रत्येक वेळी कुसाबाई जायच्या आणि ओतून द्यायच्या. तेजस्विनीनं एकदा अडवून पाहिलं.

"आई, शनिवारला पुरायला हवी."

"दुखणं शनिवारपर्यंत थांबतं का?"

सगळ्यात शेवटी रावजी आले. गुडघ्याला चोळायला हवी होती.

"रावजीकाका, परवाना?" तेजस्विनीनं शक्य तितक्या थंड आवाजात विचारलं.

"चमच्याला परवाना लागत नाही," रावजी म्हणाले, आणि वाटी पुढे केली. वाटी आमटीची होती.

गुरुवारी कपाटात जेमतेम दोन बाटल्या राहिल्या. आणखी आणायला तेजस्विनी दुकानात गेली. सातपूरला, मुद्दाम लांब, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. कारखान्यांची पाळी नुकतीच सुटलेली. डबे लटकवलेल्या माणसांची रांग रस्त्यापर्यंत. ती तोंडावर ओढणी घेऊन शेवटी उभी राहिली, आणि काउंटरवरून आवाज आला, "मॅडम! तुम्ही?"

रोहित. कधीकाळी तिच्या वर्गात मागच्या बाकावर झोपायचा. आता दुकान त्याच्या काकांचं होतं.

"ए, सरका रे! आमच्या मॅडम आहेत. इतिहासाच्या! मॅडम, तुम्ही कशाला लायनीत?" अख्खी रांग आदरानं दुभंगली. एकानं हातातली पिशवी खाली ठेवून नमस्कार केला. कॉलेजातल्या शिक्षकदिनालासुद्धा तिला कुणी एवढा मान दिला नव्हता. त्या मधोमध उघडलेल्या वाटेनं ती काउंटरपर्यंत गेली. सगळे बघत होते. तिच्या तोंडून निघालं, "दोन सोडा."

"फक्त सोडा?" रोहित हळू आवाजात म्हणाला. "मॅडम, संकोच करू नका. मी कागदात गुंडाळून देतो."

"फक्त सोडा," ती म्हणाली. रोहितनं सोडा कागदात गुंडाळून दिला. रांगेतल्या एकाही माणसाचा त्या सोड्यावर विश्वास बसला नाही.

घरी येऊन तिनं उरलेल्यातल्या चार चमच्यांवर आग्रा रोड करून पाहिला. चहा गरम होता की ब्रँडी जास्त होती, कोण जाणे; त्याची चव घसा बसल्यावर देतात त्या गुळण्यांसारखी लागली. अण्णांच्या हातचा असा लागत नसणार. पण कसा लागायचा, हे तिला सांगता येईना. जिभेवर तो आणायचा तिनं खूप प्रयत्न केला आणि मग कप धुऊन टाकला.

त्याच संध्याकाळी रावजी नवा तोडगा घेऊन आले. गुडघा बरा वाटत असावा, कारण जिना भराभर चढले होते. "डॉक्टरची चिठ्ठी. प्रकृतीसाठी आवश्यक, असं डॉक्टरनं लिहून दिलं, अर्ज टाकला, पोच घेतली, की सेक्रेटरी म्हणून माझं समाधान. मात्र बाटल्यांच्या पहिल्या वारस वहिनी. त्यांची ना-हरकत लागेल." त्यांनी कागद तयारच आणला होता. पतीच्या पश्चात राहिलेली ब्रँडी मुलीनं प्राशन करण्यास माझी हरकत नाही.

तेजस्विनीनं आतल्या खोलीत जाऊन टीव्ही बंद केला आणि कागद आईपुढे धरला. कुसाबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"माझी हरकत हाय," त्या म्हणाल्या.

रावजी दारातच थबकले.

"आई?"

"हाय म्हंजे हाय. नाय करत सही." आणि त्यांनी टीव्ही पुन्हा लावला.

तेजस्विनी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. शेखर, सोसायटी, सरकार, सातपूरची रांग, या सगळ्यांशी ती आईच्या भरवशावर भांडत होती. तो भरवसा आईनं दिलेलाच नव्हता, हे तिच्या आता ध्यानात आलं. तिनं शेखरला फोन लावला आणि फार न बोलता, "हॉल राहू दे," एवढं सांगितलं. म्हणजे धरलेला ठेवू की सोडू, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, असू दे. शेखरचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, टाय काढायला सांगू का?"

सकाळी ती उठली तेव्हा कुसाबाई चांगलं लुगडं नेसून, पायात चपला घालून दारात बसलेल्या होत्या.

"चल."

"कुठे?"

"डॉक्टरकडं. चिठ्ठी काढू. माझ्या नावानं."

"तुझ्या?"

"त्यांचं होतं ते आधी माझ्याकडंच येतं ना? मग मी जित्ती असताना पोरीनं कशाला प्यायची?"

तेजस्विनीनं चपला पायात सरकवल्या.

डॉक्टर किशोर गावित सुरगाण्याकडचे. दवाखाना छोटा, बाकावर गर्दी, बोलणं हळू. तेजस्विनीनं सगळं रीतसर समजावून सांगितलं: अण्णा, रस्ते, परवाना, रावजी. हातगडचं नाव निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "स्ट्रॉबेरी तर आता आली. आमच्या लहानपणी त्या रस्त्याला नागलीची भाकर होती." मग त्यांनी चिठ्ठीचा कागद ओढला. "आजी, लिहून देतो. पण आजार काहीतरी लिहावा लागेल. काय त्रास होतो?"

तेजस्विनी घाईघाईनं म्हणाली, "थंडी लिहा. किंवा झोप."

"त्यांना सांगू द्या."

कुसाबाईंनी हातातली पिशवी मांडीवर सरळ केली. बाहेरच्या बाकावर कुणी तरी खोकत होतं.

"संध्याकाळ होते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बाकी दिवस काय, जातो कामात. संध्याकाळ होते तेव्हा काही सुधरत नाय. म्हणून टीव्ही लावते. ह्या दिवसांत तर ती लवकरच होते."

डॉक्टरांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तेजस्विनीला दिसलं नाही. तिला त्या वेळी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र फार काळजीपूर्वक बघणं भाग होतं. बाहेर पायरीवर येऊन कुसाबाईंनी फोन मागितला. "शेखर? हॉल नको. फळं तेवढी आण. आणि त्या नगरसेवकाला सांग, त्याचे दोन शब्द त्याच्याकडंच ठेव म्हणावं."

शनिवारी शेखर केळ्यांचे दोन खोके घेऊन आला. रावजींनी डॉक्टरची चिठ्ठी आणि आदल्या रात्री कुसाबाईंच्या नावानं भरलेल्या अर्जाची पोच उजेडात धरून पाहिली, नोट तपासावी तशी, आणि औषध थांबवता येत नाही असा निर्णय दिला. थळ घाट खारट झाला. हातगडमध्ये मिरी इतकी पडली, की शेखर दहा मिनिटं खोकत होता. करवंदाचं सरबत बाजारातलं होतं, ते बाजारातल्यासारखंच लागलं, आणि आग्रा रोड पुन्हा गुळण्यांसारखाच. "आण्णाचं हे न्हवतं," सहादूकाका प्रत्येक ग्लासाला म्हणत होते आणि प्रत्येक ग्लास संपवत होते. तेजस्विनी दर खेपेला स्वयंपाकघरात जाऊन परत येताना गॅलरीच्या दारात क्षणभर थांबायची, कारण आई बाहेर बसली होती. मटार सोलत नव्हती, काही निवडत नव्हती. नुसती बसली होती.

शेवटी सायखेडा. बाटलीत आता तळाशी थोडी उरली होती. आलं की ऊस, यावर वाद पुन्हा पेटला. चांदोरी, अलीकडचा काठ, तलाठी, आजा. "एकदाचं वहिनींनाच विचारा!" रावजी ओरडले. "वहिनी, काय असायचं त्यात?"

"मला काय ठाऊक? मी कधी चाखली का?"

मग तेजस्विनीनं वाद न मिटवता उरलेल्यातल्या अर्ध्यात आलं किसून घातलं, गूळ घातला, आणि ग्लास आईच्या हातात दिला. कुसाबाईंनी घोट घेतला. सगळा चेहरा नाकाशी गोळा झाला. डोळ्यांत पाणी आलं.

"वहिनी, नसेल आवडत तर राहू द्या," रावजी घाबरून म्हणाले.

"औषध हाय, भाऊजी. आवडायला कशाला पाहिजे?"

खाली रस्त्यावरचे दिवे लागले. आतला टीव्ही बंद होता. कुसाबाईंनी घोट घोट करून ग्लास संपवला, पदरानं ओठ पुसले आणि तो रिकामा ग्लास सहादूकाकांपुढे धरला.

"हां. आता तुमच्या काठानं कसा जातो, ते दाखवा."